पेप्टाइडने अडथळा उघडला, की पेशीच मेल्या? पारगम्यतेच्या प्रयोगांत या चुका टाळा

तीन आठवडे वाढवलेल्या काको-२ पेशी (आतड्याच्या अस्तरासारखा थर बनवणाऱ्या मानवी पेशी), त्यावर टाकलेला नवा पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी), आणि चाळीस मिनिटांत निम्म्यावर आलेला टीर, म्हणजे थराचा विद्युत रोध. माझ्या पहिल्या वर्षातला तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. तो आलेख छापून मी टेबलासमोरच्या भिंतीवर लावला होता. दहा दिवसांनी, तिसऱ्या फेरीत, पहिल्यांदाच मी पेप्टाइड नसलेले नुसत्या बफरचे इन्सर्ट (तळाशी सच्छिद्र पडदा असलेले, पेशी वाढवायचे छोटे कप) ठेवले. त्यांचाही टीर तसाच घसरला. मग बफरच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली: कॅल्शियम व मॅग्नेशियम विरहित. पेप्टाइडने काहीच केलं नव्हतं. कॅल्शियम काढून घेतल्यामुळे पेशींमधले सांधे सुटले होते, आणि त्याचं श्रेय मी पेप्टाइडला देऊन बसले होते.

आतड्याचं अस्तर, रक्तवाहिन्यांचं अस्तर, मेंदूच्या केशवाहिन्या, फुप्फुसातला वायुमार्ग, या सगळीकडे पेशी एकमेकींना घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात. ऑक्लुडिन, क्लॉडिन आणि त्यांना आतून धरून ठेवणारी झेडओ-१सारखी प्रथिनं मिळून हा सांधा बनतो. हा सांधा तात्पुरता सैल करून औषध आत पोचवायचं, किंवा सैल झालेला पुन्हा आवळायचा, हे पेप्टाइडचं काम. क्षेत्र सुंदर आहे. पण पेशींचा थर गळायला लागण्याची कारणं डझनभर असतात आणि त्यातली बहुतेक पेप्टाइडशी संबंध नसलेली असतात. म्हणून इथे खरी मेहनत परिणाम मिळवण्यात नसते, इतर कारणं एकेक करून बाद करण्यात असते. माझ्याकडून झालेल्या आणि नव्याने येणाऱ्या मुलामुलींकडून दरवर्षी होताना दिसणाऱ्या चुका इथे मांडते.

बफर बदलला आणि कंट्रोल माध्यमातच राहिला

हँक्स बफर दोन प्रकारचा मिळतो, कॅल्शियम-मॅग्नेशियमसह आणि त्यांच्याशिवाय. फॉस्फेट बफरचंही तसंच. बाटल्या सारख्याच दिसतात. पेशी सोडवण्यासाठी आपण कॅल्शियम नसलेला बफर रोज वापरतो, त्यामुळे हात सवयीने तिकडेच जातो. ई-कॅडहेरिन हे पेशींना धरून ठेवणारं प्रथिन कॅल्शियमवरच ताठ उभं राहतं. कॅल्शियम गेलं की ते सैल पडतं आणि पाठोपाठ घट्ट सांधेही. 'कॅल्शियम स्विच' नावाचा जुना प्रयोग याच गोष्टीवर उभा आहे: कॅल्शियम काढा, सांधे सुटतात, परत द्या, जुळतात.

दुसरी, जास्त लपून राहणारी वाट म्हणजे चीलेटर, कॅल्शियमसारखे आयन पकडून ठेवणारा रेणू. पेप्टाइडचा साठा ज्या द्रावणात केला त्यात ईडीटीए हा चीलेटर होता का, हे तपासा. शुद्ध केलेलं रिकॉम्बिनंट प्रथिन वापरत असाल तर शेवटच्या टप्प्याच्या बफरमध्ये तो असण्याची शक्यता बरीच असते.

यावर उपाय एकच. ज्या बफरमध्ये पेप्टाइड विरघळवलं, तोच बफर, त्याच पातळतेने, त्याच वेळी, कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या, इन्सर्टवरही टाकायचा. कंट्रोलला वाढीच्या माध्यमात आरामात ठेवून पेप्टाइडच्या इन्सर्टना तेवढं धुवायचं, असं केलं तर जो फरक दिसेल तो धुण्याचा असेल.

टीर मोजतानाच्या चुका

टीर म्हणजे पेशींच्या थराचा आरपार विद्युत रोध. मोजायला सोपा, पेशींना इजा न करणारा, आणि म्हणूनच निष्काळजीपणे मोजला जाणारा.

पहिली चूक हिशोबाची. पेशी नसलेल्या कोऱ्या इन्सर्टचा रोध वजा करायचा आणि उरलेल्याला पडद्याच्या क्षेत्रफळाने गुणायचं. गुणायचं, भागायचं नाही. समजा ६.५ मिलिमीटर व्यासाचा इन्सर्ट आहे, क्षेत्रफळ ०.३३ चौरस सेंटिमीटर. मीटरवर १०५० ओहम आले, कोऱ्याचे १२० ओहम. उरले ९३०, गुणिले ०.३३, म्हणजे साधारण ३०७ ओहम-चौरस सेंटिमीटर. कोणी ९३०ला ०.३३ने भागलं तर २८०० येतात, आणि काको-२चा असा थर पाहून जाणकार वाचक पुढचं वाचतच नाही. एकक 'ओहम प्रति चौरस सेंटिमीटर' असं लिहिलेलं दिसलं की हीच चूक झाली असावी, असा संशय घ्यायला जागा आहे.

दुसरी चूक तापमानाची, आणि ती फार फसवते. प्लेट इन्क्युबेटरमधून बाहेर काढली की ती गार होत जाते आणि रोध वाढत जातो. म्हणजे पहिल्या वेलचं (प्लेटमधल्या खळग्याचं) मोजमाप ३७ अंशांना आणि चोविसाव्याचं खोलीच्या तापमानाला. दर वेळी वरच्या ओळीत कंट्रोल आणि खालच्या ओळीत पेप्टाइड असेल, तर तापमानाचा फरकच तुम्हाला 'परिणाम' म्हणून दिसेल. प्लेट खोलीच्या तापमानाला ठरलेली मिनिटं स्थिरावू द्या, किंवा उबदार पृष्ठभागावर ठेवूनच मोजा. कंट्रोल आणि पेप्टाइड प्लेटभर मिसळून मांडा. दोन्ही केलं तर उत्तमच.

तिसरी चूक इलेक्ट्रोडची. चॉपस्टिकसारखा इलेक्ट्रोड प्रत्येक वेळी थोडा वेगळ्या कोनात, वेगळ्या खोलीवर जातो. मोठ्या इन्सर्टमध्ये त्याचा विद्युतप्रवाह थरावर सारखा पसरत नाही, त्यामुळे कडेचा आणि मधला भाग सारखा मोजला जात नाही. कपासारखा चेंबर-इलेक्ट्रोड मिळाला तर तो वापरा. नसेल तर एकाच माणसाने संपूर्ण मालिका मोजावी आणि प्रत्येक इन्सर्टची तीन ठिकाणी मोजणी घ्यावी. इलेक्ट्रोडचं टोक थराला टेकलं तर ओरखडा पडतो, आणि तो इन्सर्ट त्या क्षणापासून बाद. बाद म्हणजे बाद. 'थोडासाच लागला' म्हणून तो आकडा सरासरीत घेऊ नये.

आणखी एक: पेप्टाइड टाकण्याआधीचा टीर प्रत्येक इन्सर्टचा स्वतंत्र नोंदवा आणि पुढचे आकडे त्याच्या टक्केवारीत मांडा, पण मूळ ओहममधले आकडेही सोबत द्या. नुसती टक्केवारी दिली की ६० ओहमचा गळका थर आणि ६०० ओहमचा घट्ट थर सारखेच दिसायला लागतात. काको-२ पेशींना पूर्ण तयार व्हायला साधारण २१ दिवस लागतात. बाराव्या दिवशीच प्रयोग उरकला तर अर्धवट बांधलेली भिंत पाडून दाखवल्यासारखं होतं.

पेशींची निवडही इथेच आठवते. एमडीसीके या कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींच्या दोन जाती आहेत: पहिलीचा टीर हजारांत जातो, दुसरीचा त्यामानाने अगदीच कमी. कुठली जात वापरली हे न लिहिता 'एमडीसीके' एवढंच लिहिलं तर दुसऱ्या कोणाला तो प्रयोग पडताळता येत नाही. मेंदूच्या अडथळ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अमर केलेल्या मानवी पेशींचा टीर बहुधा काही दहा ओहमच असतो, तर जिवंत प्राण्याच्या मेंदूच्या पृष्ठभागावरील वाहिन्यांत तो हजाराच्या वर मोजला गेला आहे. इतक्या सैल थरावर पेप्टाइडने 'मेंदूचा अडथळा उघडला' असं म्हणणं मला पटत नाही.

टीर घटला म्हणजे पारगम्यता वाढली असं समजणं

ही सगळ्यात महागडी चूक, म्हणून इथे जरा थांबते.

टीर लहान आयनांची, मुख्यतः सोडियम-क्लोराइडची, हालचाल सांगतो. आणि आयन दोन वाटांनी जातात: पेशींच्या मधून आणि पेशींच्या आरपार. पेप्टाइडने पेशीपटलावरचा एखादा क्लोराइड मार्ग उघडला तरी टीर घटतो. सांध्याला धक्काही लागलेला नसतो.

सांध्यातही एकच वाट नसते. एक अरुंद वाट क्लॉडिन प्रथिनांनी बनलेल्या छिद्रांची, जिथून आयन, पाणी आणि अगदी लहान रेणूच जातात. क्लॉडिन-२ वाढलं की टीर चांगलाच कोसळतो, पण मोठा रेणू एकही पलीकडे जात नाही. दुसरी वाट रुंद पण कमी वर्दळीची. तिथून मोठे रेणूही सरकतात. तिसरी 'वाट' म्हणजे मेलेल्या पेशीने सोडलेलं भोक, त्यातून काहीही जातं. नुसत्या टीरवरून यातली कुठली वाट उघडली ते कळत नाही.

म्हणून वेगवेगळ्या आकाराचे मागोवा-रेणू एकत्र वापरावेत: मॅनिटॉल १८२ डाल्टन, ल्युसिफर यलो साधारण ४५७ डाल्टन, मग ४ हजार, ४० हजार आणि ७० हजार डाल्टनचे डेक्सट्रॅन. लहान रेणू जास्त गेले, ७० हजारवाला अडला, तर सांधा मोजूनमापून सैल झाला असं म्हणायला आधार मिळतो. सगळेच सारख्या प्रमाणात गेले तर भोक पडलंय असं समजा आणि पेशी जिवंत आहेत का ते आधी बघा. आकारानुसार निवड हा निव्वळ पुस्तकी मुद्दा नाही. २००३मध्ये क्लॉडिन-५ नसलेल्या उंदरांवरचं काम प्रसिद्ध झालं. त्यांच्या मेंदूच्या वाहिन्या शाबूत होत्या, रक्तस्राव नव्हता, पण साधारण ८०० डाल्टनपेक्षा लहान रेणू आत शिरत होते. एक प्रथिन गेलं आणि एका ठरावीक मापाचंच दार उघडलं. पेप्टाइडकडूनही आपल्याला अशाच नेमकेपणाची अपेक्षा असते, तर मोजमापही तेवढंच नेमकं हवं.

मागोवा-रेणूंच्याही खोड्या असतात. फ्लुओरेसीन जोडलेल्या डेक्सट्रॅनमध्ये कधीकधी सुटा रंगही असतो. हा सुटा, लहान रंग सहज पलीकडे जातो आणि ७० हजारचा डेक्सट्रॅन गेल्यासारखं भासतं. बाटली जुनी असेल तर डायलिसिस किंवा जेल कॉलमवरून काढून घ्या. फ्लुओरेसीनची चमक सामूवर (पीएचवर) अवलंबून असते; आम्लता थोडी वाढली तरी ती मंदावते. पेप्टाइडच्या क्षाराने बफर आम्लधर्मी झाला असेल, तर पारगम्यता वाढूनही आकडा कमी दिसेल. सामू नीट राखलेल्या बफरमध्येच प्रमाण-आलेख काढा, आणि त्यात पेप्टाइडही मिसळून एकदा पाहा, कारण काही पेप्टाइड रंगाची चमकच शोषून घेतात.

पारगम्यता गुणांक काढताना वेग, क्षेत्रफळ आणि वरच्या बाजूची सुरुवातीची तीव्रता या तीन गोष्टी लागतात. हे सूत्र सुरुवातीच्या सरळ रेषेपुरतंच खरं आहे. टाकलेल्या रेणूपैकी दहा टक्क्यांहून जास्त पलीकडे गेला की परतीचा प्रवाहही मोजावा लागतो. पेप्टाइडने थर फारच गळका केला की नेमकं हेच होतं, आणि परिणाम प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. एकाच वेळेचा नमुना न घेता १५, ३०, ४५, ६० मिनिटांचे घ्या, आणि काढलेल्या नमुन्याइतकाच बफर परत भरा. तो भरल्याने झालेली पातळता हिशोबात धरा. हे विसरलेल्या वह्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

पेशी जिवंत आहेत का?

मधमाशीच्या विषातला मेलिटिन हा २६ अमिनो आम्लांचा पेप्टाइड टाकला की टीर झपाट्याने शून्याकडे जातो. यात सांध्याचं काही कौशल्य नाही. तो पेशीपटलच फोडतो. धनभार असलेला आणि एका बाजूने पाण्यापासून पळणारा कोणताही सर्पिल पेप्टाइड पुरेशा प्रमाणात दिला तर हेच करू शकतो. सांधा सैल करण्यासाठी सुचवले गेलेले बरेच पेप्टाइड याच घडणीचे आहेत.

बहुतेक जण एमटीटी चाचणी करतात आणि 'पेशी ९० टक्के जिवंत' असं लिहून पुढे जातात. एमटीटी चयापचय मोजते, पटलाचा धडधाकटपणा नव्हे. आणि थरातल्या फक्त थोड्या पेशी फुटल्या तरी टीर कोसळतो, कारण वीज सगळ्यात सोपी वाट धरते. ९५ टक्के पेशी ठणठणीत असल्या तरी उरलेल्या पाच टक्क्यांच्या भोकांतून सगळं वाहून जातं. म्हणून एलडीएच (पेशीच्या आतलं, पटल फुटल्यावर गळणारं एन्झाइम) बाहेर येतो का ते बघा, प्रोपिडियम आयोडाइड (फक्त पटल फाटलेल्या पेशींत शिरणारा रंग) टाकून सूक्ष्मदर्शकाखाली लाल ठिपके मोजा, आणि हे सगळं पेप्टाइड ज्या तीव्रतेला व ज्या वेळी परिणाम दाखवतो, त्याच तीव्रतेला व त्याच वेळी करा. एक तास पेप्टाइड देऊन पारगम्यता मोजायची आणि जिवंतपणा मात्र दुसऱ्या, ९६ वेलच्या प्लेटमधल्या नुकत्याच लावलेल्या पेशींवर मोजायचा, याला काही अर्थ नाही. २१ दिवसांचा दाट थर आणि दोन दिवसांच्या विरळ पेशी, यांची सहनशक्ती फार वेगळी असते.

सगळ्यात खरी परीक्षा परतीची. पेप्टाइड धुवून टाका आणि २४ तास टीर पाहा. सैल झालेला सांधा पुन्हा जुळतो. मेलेली पेशी परत येत नाही. शेजारच्या पेशी पसरून भोक बुजवतात, पण त्याला वेळ लागतो आणि वक्र वेगळा दिसतो. ऑक्लुडिनच्या पेशीबाहेरच्या दुसऱ्या वळशापासून बनवलेल्या पेप्टाइडचं १९९७चं गाजलेलं काम मला म्हणूनच आवडतं. बेडकाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर टीर घटला, मागोवा-रेणूंचा प्रवाह वाढला, पेशींचा आकार बिघडला नाही, आणि पेप्टाइड काढल्यावर अडथळा परतला. सांध्यातलं ऑक्लुडिन हळूहळू कमी होत गेल्याचंही त्यात दाखवलं होतं. म्हणजे असा परिणाम तासांच्या हिशोबाने येतो. तुमच्या 'सांधा उघडणाऱ्या' पेप्टाइडने दोन मिनिटांत टीर पाडला, तर आनंदाआधी काळजी करा.

कुपीवरचं वजन खरं मानणं

शुद्धता ९५ टक्के आणि कुपीत ५ मिलिग्रॅम म्हणजे ४.७५ मिलिग्रॅम पेप्टाइड, हा हिशोब चुकीचा आहे. ती शुद्धता फक्त पेप्टाइडसदृश गोष्टींतली. क्षार आणि पाणी तिच्यात धरलेलं नसतं. उदाहरण घ्या. पाच लायसिन असलेला, १८ अमिनो आम्लांचा एक प्रसिद्ध सर्पिल पेप्टाइड आहे, लायसिन-ल्युसिन-अ‍ॅलनिनच्या आलटून-पालटून माळेचा. त्याचं वजन जवळपास १८७७ डाल्टन. पाच लायसिन आणि सुरुवातीचा अमिनो गट मिळून सहा धनभार, प्रत्येकासोबत ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटिक आम्लाचा एक रेणू, ११४ डाल्टनचा. सहाचे झाले ६८४. म्हणजे कोरड्या भुकटीतही पेप्टाइड ७३ टक्केच. ओलावा धरला तर आणखी कमी. तुम्ही १०० मायक्रोमोलर समजून दिलं, प्रत्यक्षात ७०च्या आसपास दिलं गेलं. दुसऱ्या पेप्टाइडशी तुलना करताना तर हे फारच अंगाशी येतं, कारण धनभार नसलेल्या पेप्टाइडचं वजन जवळजवळ खरं असतं. अमिनो आम्ल विश्लेषणाने खरं प्रमाण काढून घ्या, किंवा ट्रिप्टोफॅन-टायरोसिन असेल तर २८० नॅनोमीटरला शोषण मोजा.

तोच आम्लाचा क्षार द्रावण आंबट करतो आणि पेशींनाही त्रास देतो. अ‍ॅसिटेट किंवा हायड्रोक्लोराइड क्षार मागवा. निदान कंट्रोलमध्ये तेवढंच आम्ल टाका आणि शेवटच्या द्रावणाचा सामू तपासा.

सिस्टीन असलेला पेप्टाइड हवेत आणि तटस्थ सामूला आपसांत जोडला जातो. कॉलऱ्याच्या जंतूच्या झोनुला ऑक्लुडेन्स विषापासून मिळालेला, सांधा उघडणारा सहा अमिनो आम्लांचा एटी-१००२, अनुक्रम एफ-सी-आय-जी-आर-एल, याचं हेच दुखणं. सकाळी बनवलेला साठा संध्याकाळी वापरला तर तुम्ही कशाची चाचणी केली ते तुम्हालाच ठाऊक नसतं. डीएमएसओ या द्रावकात साठवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. तो सिस्टीन आणि मेथिओनिन दोन्हींचं ऑक्सिडीकरण करू शकतो.

धनभारित पेप्टाइड काचेला आणि साध्या प्लास्टिकला चिकटतात. कमी तीव्रतेच्या पायऱ्या बनवत जाताना प्रत्येक नळी आपला वाटा खाते, आणि मग मात्रा-परिणाम वक्र खालच्या टोकाला अचानक तुटल्यासारखा दिसतो. कमी चिकटणाऱ्या नळ्या वापरा. प्लेटमध्ये टाकल्यावर शून्य मिनिटाला आणि शेवटी वरच्या बाजूचं द्रावण घेऊन पेप्टाइड मोजा. तिथेच दुसरा चोरही सापडेल: काको-२च्या ब्रश बॉर्डरवर (वरच्या झालरीसारख्या कडेवर) अमिनोपेप्टिडेज-एन आणि डायपेप्टिडिल पेप्टिडेज-४ बसलेले असतात, ते उघडा लहान पेप्टाइड चावून टाकतात. आधी टीर घटला आणि तासाभरात आपोआप परत आला, तर 'परिणाम परतीचा आहे' असं लिहिण्याआधी पेप्टाइड शिल्लक होता का ते बघा. सुरुवातीला अ‍ॅसिटिल आणि शेवटी अमाइड टोपी घातली तर आयुष्य वाढतं. सीरम असलेल्या माध्यमात प्रयोग करू नका; त्यात प्रोटीएजही (प्रथिनं तोडणारी एन्झाइम) असतात आणि पेप्टाइडला धरून ठेवणारं अल्ब्युमिनही.

कोणत्या बाजूने टाकला?

घट्ट सांधा पेशीच्या वरच्या टोकाला असतो आणि ई-कॅडहेरिनचे सांधे त्याच्या खाली. ई-कॅडहेरिनला धरणारे एचएव्ही किंवा एडीटी अनुक्रमांचे पेप्टाइड वरून टाकले, तर त्यांना ज्या दारातून आत जायचं ते दारच बंद असतं. वरून परिणाम नाही म्हणून पेप्टाइड निकामी ठरवून टाकणारे मी पाहिले आहेत. क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सच्या विषाचा क्लॉडिन-३ आणि ४ला चिकटणारा सी-टोकाचा तुकडाही खालच्या बाजूने दिल्यावरच नीट काम करतो. दोन्ही बाजूंनी वेगवेगळं देऊन पाहा. पण औषधाची वाट आतड्याच्या पोकळीतून असेल, तर फक्त खालून मिळालेला परिणाम त्या कामाला उपयोगी नाही, हेही स्पष्ट लिहा.

आणखी एक गल्लत. टॅट, पेनेट्रॅटिन असे पेशीत शिरणारे पेप्टाइड पेशींच्या आतून माल नेतात. सांधा उघडणारे पेप्टाइड मधली फट रुंदावतात. दोघांना एकच शीर्षक देऊन एकाच आलेखात बसवू नका. पहिल्या गटात तर २००३मध्ये उघड झालं की पेशी रसायनाने स्थिर करताना पटलाला चिकटलेले पेप्टाइड आत सरकतात आणि 'प्रवेश केला' असं खोटं चित्र तयार होतं. जिवंत पेशींवरच पाहा.

कंट्रोल पेप्टाइड कसा निवडावा

तीच अमिनो आम्लं उलटसुलट क्रमाने लावलेला पेप्टाइड हा नेहमीचा कंट्रोल. पण सर्पिल पेप्टाइडचा क्रम बदलताना त्याची एक बाजू तेलकट राहण्याची घडणही मोडते. मग कंट्रोलचा परिणाम गेला तो अनुक्रम बदलला म्हणून की पटल फोडण्याची ताकद गेली म्हणून, हे कळत नाही. क्रम बदलताना ही घडण राखली आहे का ते हेलिकल व्हील (सर्पिलाची टोकाकडून दिसणारी गोल आकृती) काढून बघा.

आरशातला पेप्टाइड, म्हणजे सगळी डी-अमिनो आम्लं असलेला, हा कमी वापरला जाणारा पण फार बोलका कंट्रोल आहे. १९९०मध्ये मेलिटिन, सेक्रोपिन आणि मॅगेनिनचे असे आरशातले रेणू बनवून पाहिले, तेव्हा ते मूळ रेणूंइतकेच प्रभावी निघाले, कारण पटल फोडायला हाताची उजवी-डावी ओळख लागत नाही. तुमच्या पेप्टाइडचं आरशातलं रूपही तेवढंच काम करत असेल, तर तो एखाद्या प्रथिनाला नेमका धरतो हा दावा कमकुवत होतो. मात्र आरशातला पेप्टाइड प्रोटीएजना दाद देत नाही, त्यामुळे तो जास्त वेळ टिकून जास्त परिणाम दाखवेल, हे लक्षात ठेवून वाचा.

जिवाणूंमध्ये बनवलेलं काही वापरत असाल तर एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातला विषारी घटक) मोजल्याशिवाय रक्तवाहिन्यांच्या पेशींवर टाकू नका. एंडोटॉक्सिन एकट्याने त्या थराला गळकं करतं. आणि ते बांधून ठेवण्यासाठी पॉलिमिक्सिन-बी टाकण्याआधी आठवा की तोही पटलावर काम करणारा धनभारित पेप्टाइडच आहे.

लहानसहान, पण रोजच्या

वर आणि खाली द्रवाची पातळी सारखी ठेवा, नाहीतर दाबानेच पाणी पाझरतं. पडद्याखाली अडकलेला बुडबुडा टीर वाढवतो. तिरपं करून काढा. फ्रीजरमधून काढलेली कुपी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, पेप्टाइड ओलावा ओढतो. एकदा वितळवलेला साठा पुन्हा गोठवू नका. झेडओ-१चं चित्र सुरेख अखंड दिसलं म्हणून अडथळा शाबूत आहे असं मानू नका. रेषा तशीच राहूनही क्लॉडिन बदलतात. पॅसेज क्रमांक (पेशी आतापर्यंत किती वेळा नव्या भांड्यात लावल्या तो आकडा) लिहा.

दिशा आणि नाव यांची गल्लत

झोनुला ऑक्लुडेन्स विषाची गोष्ट अलेसिओ फसानो आणि सहकाऱ्यांनी १९९१मध्ये मांडली. त्याच कुळातून एटी-१००२ आला, जो उघडतो, आणि लाराझोटाइड आला, आठ अमिनो आम्लांचा, जो उघडणं रोखतो. दोघांची नावं शेजारी शेजारी येतात आणि लेखांत त्यांची अदलाबदल होते. लाराझोटाइड आधीच घट्ट असलेल्या, न डिवचलेल्या थरावर टाकून 'काहीच झालं नाही' म्हणणं ही त्यातलीच चूक. आधी थर सैल करणारा डिवचणारा घटक हवा. सीलिअ‍ॅक आजारावरची त्याची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२२मध्ये अंतरिम विश्लेषणानंतर थांबवण्यात आली. प्लेटमधला सुंदर टीर माणसाच्या आतड्यापर्यंत पोचेलच असं नाही.

रक्तातलं झोन्युलिन (सांधे सैल करणारं मानलं जाणारं प्रथिन) मोजून आतड्याची पारगम्यता सांगणारे किटही जपून वापरा. २०१८ आणि २०१९मधल्या तपासण्यांत दिसलं की प्रचलित किट झोन्युलिन समजलं जाणारं प्री-हॅप्टोग्लोबिन-२ पकडत नाहीत, भलतीच प्रथिनं मोजतात. पेप्टाइड दिल्यावर असा आकडा हलला तर त्यावरून सांध्याबद्दल काही बोलता येत नाही. लॅक्ट्युलोज-मॅनिटॉलसारखी प्रत्यक्ष रेणू मोजणारी चाचणी करा.

आणि 'फक्त संशोधनासाठी' लिहिलेल्या कुपीतला पेप्टाइड आतडं दुरुस्त करायला स्वतःला टोचून घेणारे लोक आता भेटतात. वर लिहिलेलं क्षाराचं, एंडोटॉक्सिनचं, खऱ्या मात्रेचं काहीच त्या कुपीबद्दल माहीत नसतं. माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाला मी यापासून हात जोडून थांबवते.

पहिली प्लेट कशी मांडाल

नवा पेप्टाइड हातात आला की मी १२ वेलची प्लेट अशी लावते. एक इन्सर्ट पेशींशिवाय, कोऱ्या रोधासाठी. तीन नुसत्या बफरचे, त्यात पेप्टाइडइतकाच क्षार आणि सामू. तीन पेप्टाइडचे. तीन क्रम बदललेल्या पेप्टाइडचे. एक ईजीटीए या कॅल्शियम पकडणाऱ्या चीलेटरचा, सांधा उघडून पुन्हा मिटतो हे थर दाखवू शकतो का ते बघायला. शेवटचा ट्रायटनचा (सगळ्या पेशी फोडणाऱ्या डिटर्जंटचा), एलडीएचचा शंभर टक्के आकडा मिळवायला. त्यातले तीन-तीन इन्सर्ट म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. एका प्लेटचे तीन इन्सर्ट मिळून एकच आकडा. हीच प्लेट वेगळ्या आठवड्यात, वेगळ्या पॅसेजवर, नव्याने विरघळवलेल्या पेप्टाइडने निदान तीनदा लावते, आणि दर वेळी इन्सर्टच्या जागा बदलते. ईजीटीएच्या इन्सर्टचा टीर २४ तासांत परतला नाही, तर त्या दिवशीचे पेप्टाइडचे आकडे मी वहीत ठेवते, आलेखात घेत नाही.